वीज कोठे मुरते? : मोटरच्या लोखंडावरील ताण आणि विजेची हानी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात इंदूर येथे सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलावेत अशी सूचना विश्वस्तांकडून आली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घेणे अशा प्रसंगी उचितच; परंतु ते काम आमच्याहून वडील आणि जाणत्या मंडळींनी या सप्ताहात उत्तम प्रकारे केले आहे. आमचा पेशा विज्ञान शिकविण्याचा. तेव्हा ज्यात आम्हांस थोडीबहुत गती आहे आणि ज्याचा आपल्या घरांतील मुलांच्या पोटापाण्याशी संबंध आहे, असा विषय घेणे बरे असे ठरविले. आपल्या शिष्यवृत्तीवर शिकून आय.टी.आय.मधून बाहेर पडलेली कित्येक मुले आज मोटर वाइंडिंगच्या दुकानांतून काम करीत आहेत. जळालेली मोटर उघडावयाची, जुनी तार काढावयाची, नवी भरावयाची आणि मोटर पुन्हा चालती करून द्यावयाची, हा त्यांचा रोजचा उद्योग. या मुलांच्या हाताखाली जशी तांब्याची तार येते तसे लोखंडही येते. तार महाग, म्हणून तिच्याकडे सर्वांचे लक्ष असते. लोखंडाकडे सहसा कोणी पाहत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुर्लक्षित लोखंडाविषयी. मंडळींनी घाबरून जाऊ नये. थोडे गणित येईल, पण ते बाजारहाटाच्या हिशेबापलीकडचे नसेल.

प्रथम या विषयाचे महत्त्व किती ते पाहू. आपण सर्वजण नर्मदेचे पाणी पितो. १९७८ साली हे पाणी इंदुरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून आणि विंध्याचा चढ चढून ते आपल्या नळात येते. नदीचे पात्र आपल्या शहराच्या पातळीहून सुमारे ४०० मीटर खाली आहे. एक हजार लिटर पाणी ४०० मीटर उंच उचलावयाचे तर सुमारे १.१ युनिट वीज लागते, आणि हा हिशेब यंत्रात कसलीही हानी होत नाही असे धरून. प्रत्यक्षात नळांतील घर्षण, पंपाची हानी आणि मोटरची हानी मिळून खर्च पुष्कळच वाढतो. २०२३ साली आपल्या महानगरपालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे विकून जलूद भागात ६० मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प उभारण्याचे योजिले, ते याच खर्चाचा भार हलका व्हावा म्हणून. शहराबाहेर पडावे तर माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू-हरभऱ्याला पाणी देणारी मोटर प्रत्येक शिवारात आहे. साऱ्या जगाचा हिशेब मांडला तर वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज मोटरी घेतात. अर्थात मोटरमध्ये जे थोडे मुरते, त्याची बेरीज फार मोठी होते.

आता मोटरमध्ये वीज मुरते कोठे? चालत्या मोटरच्या बॉडीवर हात ठेवला तर ती गरम लागते. ही ऊब म्हणजेच मुरलेली वीज. तिचा काही भाग तांब्याच्या तारेत तयार होतो, त्यास ताम्रहानी म्हणतात. काही बेअरिंगच्या घर्षणात व पंख्यात जातो. आणि एक भाग, साधारण मोटरींत एकूण हानीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, लोखंडात तयार होतो. ही लोहहानी. या लोहहानीचा विशेष असा की, मोटरवर भार असो वा नसो, वीज चालू आहे तोवर ती जवळजवळ तेवढीच चालू राहते. रिकामा चालणारा पंपही तिचे देणे चुकवीत असतो.

मोटरमध्ये लोखंड कशास हवे? तारेतून वीज वाहिली की चुंबकत्व उत्पन्न होते, आणि लोखंडाच्या गाभ्यामुळे ते अनेक पटींनी वाढते व हव्या त्या वाटेने नेता येते. परंतु आपल्याकडील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरे करते. तेव्हा त्या लोखंडालाही एका सेकंदात ५० वेळा, म्हणजे तासात १ लाख ८० हजार वेळा, या बाजूने आणि मग त्या बाजूने चुंबकित व्हावे लागते. या येरझारीत दोन प्रकारांनी वीज खर्ची पडते.

पहिला प्रकार भोवरा प्रवाहांचा. बदलत्या चुंबकत्वामुळे खुद्द लोखंडातच पाण्यातल्या भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह गोल फिरू लागतात आणि त्याला तापवितात. यावर उपाय म्हणून गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांची चवड करून बनवितात. आपल्या बाजारात या पत्र्यांना स्टॅम्पिंग म्हणतात. प्रत्येक पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा, त्याच्या दोन्ही अंगांना विजेला अडविणारा सूक्ष्म लेप. दहा सेंटिमीटर लांबीच्या गाभ्यात असे सुमारे २०० पत्रे असतात. त्याशिवाय या पोलादात सिलिकॉन मिसळतात. इंग्लंडमधील शेफील्डचे धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९०० च्या सुमारास सिलिकॉन पोलादाचे गुण उजेडात आणले. तीन टक्के सिलिकॉन घातले की लोखंडाचा विद्युत्‌रोध चौपट-पाचपट होतो आणि भोवरे मंदावतात. आपल्या देशात राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात असे पत्रे तयार होतात.

दुसरा प्रकार मंदायनाचा. लोखंडाला चुंबकित करणारे बळ काढून घेतले तरी त्याचे चुंबकत्व लगेच संपूर्ण जात नाही, ते मागे रेंगाळते. ते पुसून उलट्या दिशेने वळविण्यास वीज खर्च करावी लागते, आणि ही वीज उष्णता होऊन जाते. या गुणधर्माला हिस्टेरिसिस हे नाव जेम्स अल्फ्रेड यूइंग यांनी दिले; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मागे राहणे. हे गृहस्थ १८७८ ते १८८३ या काळात टोकियो येथे प्राध्यापक होते, आणि १८८१-८२ च्या सुमारास हा शब्द त्यांनी प्रथम वापरला तो पिळलेल्या लोखंडी तारांवरील प्रयोगांच्या संदर्भात. म्हणजे चुंबकीय हानीचे हे नावच मुळी ताण दिलेल्या लोखंडाच्या अभ्यासातून जन्मास आले. आजच्या विषयाची नाळ तेथवर पोहोचते.

ताण आणि चुंबकत्व यांचा संबंध लोहारांना त्याही आधीपासून ठाऊक होता. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तापलेली लोखंडी कांब दक्षिणोत्तर धरून ठोकली तर ती चुंबक बनते, असे दाखविले आहे. उलट, चांगला चुंबक ठोकला तर तो दुबळा होतो, हे शाळेतील कोणताही विद्यार्थी सांगेल. पुढे १८४२ साली जेम्स जूल यांनी असे दाखविले की, लोखंडाची कांब चुंबकित केली की तिची लांबी यत्किंचित वाढते. वाढ किती? एक मीटर लांबीच्या कांबेस काही हजारांश मिलिमीटर, इतकीच. पण ती खरी आहे, आणि तिचा आवाज आपण रोज ऐकतो. गल्लीच्या टोकाला असलेल्या रोहित्राजवळून रात्री जाताना जो अखंड गुणगुणाट येतो, तो मुख्यतः त्याच्या गाभ्याच्या या लहानमोठे होण्याचा. त्यानंतर १८६५ साली इटलीतील एमिलिओ व्हिलारी यांनी याची उलट बाजू तपासली: चुंबकत्वाने लांबी बदलते, तर मग लोखंड ओढले वा दाबले असता त्याचे चुंबकत्व बदलावयास हवे. आणि तसे ते बदलते.

याचे कारण समजण्यासाठी लोखंडाच्या आत डोकावले पाहिजे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ साली असे प्रतिपादन केले की, लोखंड हे असंख्य सूक्ष्म प्रांतांचे बनलेले असून प्रत्येक प्रांत स्वतः पुरता चुंबक असतो. एरवी या प्रांतांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असतात, म्हणून बाहेरून चुंबकत्व दिसत नाही. बाहेरून चुंबकीय बळ लावले की अनुकूल प्रांतांच्या हद्दी वाढतात, प्रतिकूल प्रांतांच्या आकसतात. तेव्हा चुंबकित होणे म्हणजे बहुतांशी या हद्दी सरकणे. हद्द जितकी सहज सरकेल तितकी वीज कमी खर्च होईल.

रात्री सराफ्यात खाण्यासाठी गेलेल्या मंडळींना हे लवकर उमजेल. गल्ली मोकळी असेल तर गर्दी अलगद पुढे सरकते. मध्येच गाडे, स्टुले आणि तापलेल्या कढया आल्या की लोक अडतात, मागून रेटा वाढतो, आणि मग एकदम धक्क्याने पुढे जातात. पोलादाचा पत्रा कापला, वाकविला किंवा त्यावर घाव घातला की त्याच्या स्फटिकांच्या रचनेत असेच अडथळे उभे राहतात. सरकणारी हद्द तेथे अडते आणि रेटा वाढला की झटक्याने सुटते. जर्मनीतील हाइनरिख बार्कहाउझेन यांनी १९१९ साली तारेचे वेटोळे व ध्वनिवर्धक यांच्या साहाय्याने हे झटके कानाला ऐकू येतील असे केले. प्रत्येक झटक्यात थोडी वीज उष्णता होऊन जाते. अडथळे जितके अधिक तितकी मंदायनहानी अधिक.

हा झाला कायमच्या इजेचा परिणाम. पण पत्र्याला कायमची इजा झाली नाही, तो केवळ दाबून धरला, तरीही हानी वाढते. जूल यांचा शोध येथे उपयोगी पडतो. चुंबकित होताना ज्या लोखंडास लांब व्हावयाचे असते, त्याला त्याच दिशेने दोन्ही बाजूंनी दाबून धरले तर ते त्या दिशेला चुंबकित व्हावयास नाखूष होते. त्यातील प्रांत आडवे वळू पाहतात. प्रत्येक आवर्तनात त्यांना बळजबरीने उभे करावे लागते. म्हणून दाब हा चुंबकाच्या पोलादाचा वैरी. दर चौरस मिलिमीटरवर पाच किलो वजन ठेवल्याने पडेल इतका दाब, शास्त्रीय भाषेत सुमारे ५० मेगापास्कल, पोलादाच्या मजबुतीच्या मानाने मुळीच मोठा नाही. पण एवढ्याने मोटरच्या पत्र्यांची हानी तिसऱ्या हिश्शाने, निम्म्याने, कधी त्याहूनही अधिक वाढलेली आढळते. ओढ मात्र थोडी असेल तर उपकारक ठरते आणि फार झाली की तीही बाधते. रोहित्रांच्या पोलादात या गोष्टीचा युक्तीने उपयोग केला आहे. नॉर्मन गॉस या अमेरिकन संशोधकाने १९३४ साली जे एका दिशेने कण जुळविलेले पोलाद पुढे आणले, त्याच्या पत्र्यावर असा लेप देतात की, थंड होताना तो पोलादाइतका आकसत नाही आणि पत्र्याला सतत किंचित ओढून धरतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात या प्रकारचे पोलाद तयार होते.

मोटरच्या पत्र्यावर हे ताण येतात कोठून, ते आता क्रमाने पाहू. पोलादाचा कारखाना आपल्या मालाला एक दर्जा देतो. उदाहरणार्थ, 'एम ४००-५० ए' याचा अर्थ अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात, ठरावीक चुंबकत्वाला आणि ५० आवर्तनांना, दर किलोमागे जास्तीत जास्त ४ वॅट हानी. हा आकडा सरळ, सपाट, बिनताणाच्या पट्ट्या एप्स्टाइन चौकटीत ठेवून मोजलेला असतो. मोटरमध्ये पत्रा तसा सुखात राहत नाही.

पहिला आघात ठशाचा. पत्र्यातून खाचा आणि दात कापले जातात तेव्हा कापाच्या कडेला धातू चेंगरतो. ही बाधा कडेपासून आत मिलिमीटरभर, कधी काही मिलिमीटरही पोहोचते. लहान मोटरीचा दात चार-पाच मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांनी मिलिमीटर मिलिमीटर बाद झाला तर निम्म्या दातालाच बाधा झाली म्हणावयाचे. ठसा बोथट झाला असेल तर बाधा अधिक. दुसरा आघात जोडणीचा: पत्र्यांची चवड बांधण्यासाठी वेल्डिंग करतात, पट्ट्या ठोकतात, पत्र्यांना खळगे पाडून एकमेकांत अडकवितात. तिसरा बॉडीचा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात आणि ती थंड होताना चाकाला आवळते, हे आपल्यातील वडील मंडळींनी पाहिले असेल. मोटरची बॉडी स्टेटरवर पुष्कळदा याच रीतीने बसवितात. पकड घट्ट बसते. पण ती पकड म्हणजेच दाब, आणि तोही नेमका ज्या दिशेने चुंबकत्व वाहते त्या दिशेने.

यास उपाय आहे आणि तो फार जुना आहे. तांबट पातेले ठोकतो तेव्हा ठोकता ठोकता तांबे ताठर होते. आणखी ठोकले तर तडकेल. म्हणून तो मधून मधून पातेल्याला भट्टीत ताव देतो आणि तांबे पुन्हा मऊ होते. यालाच शास्त्रात अनुशीतन म्हणतात. कापलेले स्टॅम्पिंग ७५० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास, गंज चढू नये म्हणून नायट्रोजनसारख्या वायूत तापवून सावकाश थंड केले, तर कापण्याने आलेला ताण बहुतांशी निघून जातो. सराफ्याच्या भाषेत सांगावयाचे तर वाटेतले गाडे उचलले जातात आणि रस्ता मोकळा होतो. मात्र हे काम चवड बांधून बॉडीत बसविण्यापूर्वीचे आणि कारखान्याचे. बॉडीच्या आवळण्याने येणारा दाब त्यानंतरचा, तो योग्य मापे ठेवूनच आवरावा लागतो.

आणि आता आपल्या मुलांच्या दुकानाकडे वळू. मोटर जळून आली की पहिले काम जुनी तार काढण्याचे. तारेवरचे व्हार्निश दगडासारखे घट्ट झालेले असते. काही ठिकाणी आम्ही पाहिले की, स्टेटर सरळ उघड्या जाळावर ठेवतात, लाकूड घालतात, जुने टायरसुद्धा घालतात. मग छिन्नी-हातोडीने तारेचे जुडगे तोडून ओढून काढतात. दात वाकले तर पुन्हा हातोडी मारून सरळ करतात. खाचेत तार बसत नसली तर कानशीने घासतात. शेवटी बॉडीत स्टेटर बसेना तर ठोकून बसवितात. या प्रत्येक कृतीत लोखंडावर काही ना काही अत्याचार होतो. उघड्या जाळाची उष्णता एका अंगास कमी, एका अंगास अतिशय; त्याने पत्र्यांमधला लेप जळतो आणि दोनशे पत्रे जागोजाग एकमेकांना चिकटून भोवरे मोकाट फिरू लागतात. कानशीने कडेचे पत्रे एकमेकांत घोळले जाऊन तोच परिणाम होतो. हातोडीने स्फटिकांत अडथळे पडतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जाळात तापविल्याने लोखंडाला आपोआप ताव मिळतो आणि ते सुधारते, असे कोणी म्हणेल. पण तसे होत नाही. अनुशीतनाची उष्णता तयार गाभ्याला दिली तर साधा लेप टिकणारच नाही. दुकानात आलेला गाभा पुन्हा नव्यासारखा करणे दुकानदाराच्या हाती नसते. त्याच्या हाती एवढेच असते की, आहे त्यात भर घालू नये.

या भरीची किंमत किती? समजा, ५ अश्वशक्तीची शेतीची मोटर आहे आणि तिची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. ५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३,७०० वॅट. तेवढे काम देण्यास ती सुमारे ४,३५० वॅट घेते आणि मधले ६५० वॅट उष्णतेत जातात. त्यांचा पाचवा हिस्सा, म्हणजे १३० वॅट, लोहहानी धरू. दुरुस्तीतील धसमुसळेपणाने ती निम्म्याने वाढली तर ६५ वॅट जादा. वर्षाकाठी मोटर १,५०० तास चालली तर सुमारे ९७ युनिट वीज विहिरीच्या काठावर नुसती तापण्यात गेली. जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा दिवा भर दुपारी रिकाम्या खोलीत जळत ठेवावा तसा हा प्रकार. अशा एक हजार मोटरी धरल्या तर आकडा ९७ हजार युनिटांवर जातो.

वीज हा तोट्याचा एक भाग झाला. दुसरा याहून जिव्हारी लागणारा आहे. अभियंत्यांचा एक ठोकताळा असा की, मोटरचे तापमान कायम दहा अंशांनी अधिक राहिले तर वाइंडिंगच्या आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते. लोखंड अधिक तापले की नवी भरलेली तारही लवकर जळते. गव्हाला पाणी हवे असते नेमक्या त्या आठवड्यात मोटर पुन्हा बसते. शेतकरी मोटर घेऊन दुकानात येतो, तार तपासतो, वाइंडिंगवाल्यास दोष देतो. आणि वाइंडिंगवाला शपथेवर सांगतो की तार चांगली घातली होती. दोघेही खरे बोलत असतात. दोष लोखंडात असतो आणि तो दोघांनाही दिसत नाही.

दिसत नाही म्हणून मोजता येत नाही असे मात्र नाही. रिकाम्या स्टेटरच्या कड्यातून जाड वायरचे काही वेढे घेऊन त्यांतून ठरावीक वीज सोडावी, वॅटमीटरवर किती वॅट जातात ते लिहून घ्यावे, आणि गाभ्यावर कोठे एखादा भाग विशेष गरम होतो काय हे पाहावे. ही चाचणी तार काढण्यापूर्वी एकदा आणि काढून स्वच्छ केल्यावर एकदा करावी. दोन आकड्यांतील फरक म्हणजे आपल्या दुकानात लोखंडाचे काय झाले याचे प्रगतिपुस्तक. जाळाऐवजी तापमान राखणारी भट्टी वापरावी आणि साध्या लेपाच्या गाभ्यासाठी ते सुमारे ३७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. अमेरिका आणि ब्रिटन येथील मोटर दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी २००३ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. काळजीपूर्वक रीतीने दुरुस्त केलेल्या मोटरीची कार्यक्षमता टिकून राहते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्या मुलांना यातून मोठा दिलासा मिळावा. दुरुस्त केलेली मोटर म्हणजे उतरलेली मोटर, असे मुळीच नाही. ते करणाऱ्या हातावर अवलंबून आहे.

पुढचा काळ याहून कसोटीचा आहे. आपल्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या, दुचाकी आल्या. शेजारच्या पिथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ साली सुरू झाला. मोटारगाडीच्या विजेच्या मोटरीत चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा नव्हे, कित्येक शे वेळा उलटते. भोवऱ्यांची हानी आवर्तनांच्या वर्गाने वाढते, म्हणून तेथील पत्रे पाव मिलिमीटरपर्यंत पातळ करतात. पातळ पत्रा, अरुंद दात आणि वेगवान चुंबकत्व अशा ठिकाणी कापाची बाधा आणि बॉडीची पकड यांचा हिशेब चुकवून चालत नाही. त्यासाठी जगभर संशोधन चालू आहे. सिलिकॉनचे प्रमाण साडेसहा टक्क्यांवर नेले तर चुंबकित होताना लांबी जवळजवळ बदलतच नाही आणि ताणाची बाधाही फार कमी होते. पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळ, ते लाटणे कठीण. आपल्याच शहरात, १९८४ साली पायाभरणी झालेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ हे यंत्र सुमारे १७२ मीटर परिघाच्या मार्गावर इलेक्ट्रॉन फिरवून तीव्र क्ष-किरण निर्माण करते. अशा किरणांनी धातूच्या स्फटिकांतील अणूंच्या थरांमधले अंतर मोजता येते, आणि ते अंतर किती बदलले यावरून आत दडलेला ताण ओळखता येतो. आपली मुले ज्या रस्त्याने कामाला जातात, त्याच शहरात हे चालते, हे त्यांना ठाऊक असावे.

विश्वस्त मंडळींपुढे आता आमचे मागणे मांडतो. पन्नास वर्षे ट्रस्टने वह्या, पुस्तके आणि शुल्क दिले. त्यावर मुले शिकली. यापुढे आणखी एक गोष्ट करावी. ट्रस्टच्या इमारतीत एका खोलीत एक परीक्षण मेज ठेवावे: वॅटमीटर, विजेचे दाब-नियंत्रण, चांगला तापमापक, आणि शक्य झाल्यास सामाईक वापराची, तापमान राखणारी एक भट्टी. लहान दुकानदारास हे एकट्याने परवडत नाही. दहा जणांत मिळून परवडते. प्रत्येक मोटरीचे आधीचे व नंतरचे आकडे एका वहीत लिहावेत आणि ग्राहकास त्याची प्रत द्यावी. ज्या मुलींना या कामाची आवड आहे त्यांनाही तेथे बसू द्यावे. मापन हे बळाचे काम नाही, बारीक लक्षाचे आहे. शिकविण्यासाठी रविवारची सकाळ आम्ही आनंदाने देऊ.

हे मागण्याचे कारण सांगून आम्ही थांबतो. शेतकरी आपली मोटर दुकानात ठेवून जातो तेव्हा ती अमानत असते. त्याला आतले काही कळत नाही. तो विश्वासाने ठेवून जातो. तार कमी घातली तर तो कदाचित ओळखील, वजन करून पाहील. लोखंडाची हेळसांड मात्र त्याला कधीच ओळखता येणार नाही. तो वर्षानुवर्षे बिल भरीत राहील. जी हानी दुसऱ्यास दिसत नाही ती टाळणे, हीच अमानत सांभाळण्याची खरी परीक्षा. विश्वस्त या शब्दाचा अर्थही याहून निराळा नाही. आपल्या ट्रस्टने हा अर्थ पन्नास वर्षे पैशाच्या व्यवहारात जपला आहे. तो आपल्या मुलांच्या हातोडीपर्यंत पोहोचावा, एवढीच आमची इच्छा.

ट्रस्टचा हीरकमहोत्सव होईल तेव्हा त्या वहीची बरीच पाने भरलेली असोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.